ऐकू येतो, हरकत नाही

"वहिनी, एक सांगून ठेवतो. आमच्या दलात काही खटकलं तरी बोलायचं नाही. आमच्याकडे जो तक्रार करतो, त्याच्याच गळ्यात ते काम पडतं."

हे मला शिंपीकाकांनी सांगितलं, तेही आमच्या खिडकीच्या पडद्याचं माप घेताना. शिंपीकाका धंद्याने शिंपी आणि फावल्या वेळात वस्तीच्या अग्निशमन दलाचे प्रमुख. दल म्हणजे आठ माणसं, एक म्हातारा बंब, एक शिडी आणि केंद्राच्या छपरावर एक भोंगा. काका प्रमुख कसे झाले? दहा वर्षांपूर्वी एका सभेत म्हणाले, "या गणवेशांना धड बटणं नाहीत." झाले प्रमुख. बेकरीवाल्या भाऊंनी बंबाची सीट फाटल्याचं बोलून दाखवलं, तेव्हापासून बंब तेच चालवतात. सीट अजून फाटकीच आहे.

मी हसले. "असं कुठे असतं का काका!" म्हणाले. तोंडात टाचण्या असल्यामुळे काकांनी उत्तर दिलं नाही, नुसतं माझ्याकडे करुणेने बघितलं. ती करुणा मला तेव्हा कळली असती, तर ही कथा लिहायची वेळ आली नसती.

पडदे जाड हवे होते, कारण मुंगीची झोप. मुंगी म्हणजे आमची अकरा महिन्यांची मुलगी. तिला दुपारी झोपवणं हा चाळीस मिनिटांचा विधी आहे. आधी खांद्यावर, मग मांडीवर, मग खोलीत उजव्या बाजूने सात फेऱ्या. डाव्या बाजूने मारल्या तर हिशोब पुन्हा पहिल्यापासून. मग पाळण्यात ठेवणं. हे काम सुरुंग ठेवणाऱ्या माणसाच्या हाताने करावं लागतं. एवढं सगळं करून मुंगी एक वाजून तेवीस मिनिटांनी झोपे आणि बरोबर दीड वाजता, आमच्या खिडकीसमोरच्या केंद्रावर, चाचणीचा भोंगा वाजे.

सात मिनिटं. अकरा महिने मी सलग दोन तास झोपले नव्हते आणि माझ्या आयुष्याचा सगळा डोलारा या सात मिनिटांवर उभा होता. माझी पदवी संख्याशास्त्रातली आहे. (हे मी मुद्दाम सांगते, कारण घरात ते कोणी सांगत नाही.) मी तीन आठवडे नोंदी ठेवल्या, आलेख काढला, आणि तो घेऊन दलाच्या महिन्याच्या सभेत गेले. "कुणाला काही सांगायचंय?" असं काकांनी विचारताच हात वर केला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आलेख कुणी पाहिलाच नाही. काकांनी गळ्यातली टेप नीट केली, नोंदवही उघडली आणि लिहिलं, "भोंगा – बाळाची आई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी मला केंद्राची किल्ली दिली, तिला पिठाचे हात लागलेले होते.

घरी नवऱ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे आता तूच मुंगीला झोपवणार, आणि धावत जाऊन तूच उठवणार?"

सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. आता ओरडायचं कुणावर ते तरी घरातल्या घरात राहील."

मी मात्र खचले नाही. भोंगा माझ्या ताब्यात आला होता. भोंग्याची वेळ बदलायची, साडेअकराची करायची, झालं! मुख्य कार्यालयाला फोन लावला. तिथल्या कारकुनाचा आवाज मुंगीच्या झोपेपेक्षाही गाढ होता.

"वेळ बदलायला नमुना अकरा भरा. ज्या ज्या घरात भोंगा ऐकू येतो, त्या प्रत्येक घराची ना-हरकत लागेल."

"कुठल्या घरात ऐकू येतो हे कसं ठरवायचं?"

"वाजवून."

"तो रोज दीडला वाजतोच ना!"

"ती चाचणी. हे सर्वेक्षण. चाचणीच्या वेळी सर्वेक्षण चालत नाही. वेगळ्या वेळी वाजवायचा, पूर्ण दोन मिनिटं. सलग सात दिवस. वस्तीच्या टोकाच्या सात घरांत रोज एकेक करून स्वतः उभं राहायचं."

"वेगळी वेळ म्हणजे कोणती?"

"नमुन्यात छापलीये. सकाळी अकरा."

मुंगीची दिवसभरातली एकच डुलकी तोवर सुखरूप राहिली होती, ती सकाळी अकराची, मोजून वीस मिनिटांची.

बातमी जिन्यात पसरली आणि सल्ल्यांना पूर आला. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तीन मुलं वाढवली आहेत, त्यामुळे त्यांना सल्ला द्यायला दार वाजवावं लागत नाही. "तुम्ही फार जपता हो तिला. आवाजाची सवय लावा. आमचा मोठा झोपला की मी मुद्दाम पातेली आपटायची." आणि त्यांनी आमच्याच ओट्यावरचं आमचंच पातेलं उचलून प्रात्यक्षिक दाखवलं. मुंगी उठली. "बघा, सवय नाही!" म्हणून काकू विजयी मुद्रेने वर गेल्या.

ना-हरकती गोळा करायला मी मुंगीला झोळीत बांधून निघाले आणि मला कळलं की ज्या भोंग्याला मी शत्रू समजत होते, त्याच्यावर आख्खी वस्ती चालते. भाऊंची दुसरी भट्टी दीडच्या भोंग्याला बाहेर निघते. "साडेअकराला वाजवलात तर पाव कच्चा खाल का, वहिनी?" पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भोंग्याला रक्तदाबाची गोळी घेतात आणि भोंग्यामुळेच रक्तदाब वाढतो असंही म्हणतात. कोपऱ्यावरच्या एका जोडप्याने तर हातच जोडले. त्यांचं दुपारचं भांडण रोज भोंग्याला थांबतं. "आधी थांबलं तर मुद्देच पूर्ण होणार नाहीत," ती म्हणाली. तो म्हणाला, "या एका बाबतीत आमचं एकमत आहे." त्रेसष्ट घरांपैकी एकेचाळीस घरांची हरकत. शत्रू मानला तो सगळ्यांचा सोयरा निघाला!

तरी सर्वेक्षण चालूच ठेवलं. सुरू केलेलं काम मी सोडत नाही, हा माझा गुण आहे. सासूबाई त्याला दुसरं नाव देतात. रोज अकराला काका भोंगा वाजवायचे, मी कुठल्यातरी टोकाच्या घरात मुंगीला घेऊन उभी राहायची, मुंगी भोकाड पसरायची, मी वहीत लिहायची, "ऐकू येतो."

चौथ्या दिवशी घड्याळवाल्या आजोबांचं घर होतं. गादीवाल्याच्या दुकानावर, तिसरा मजला. आजोबा म्हणजे भोंग्याचे जणू परीक्षक. रोज दीडला ते खिडकीत यायचे, केंद्राच्या छपराकडे बघायचे आणि हात वर करायचे. खालून काकाही हात वर करायचे. "घड्याळवाल्यांनी पास केला," असं म्हणून मग नोंदवहीत बरोबरची खूण. भोंगा माझ्याकडे आल्यापासून तो हात मला व्हायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटायचा. दिवसभरात माझ्या कामाला पास करणारं दुसरं होतं कोण?

आजोबांचं दार उघडंच होतं. ते दाराकडे पाठ करून, डोळ्याला भिंग लावून, दिव्याखाली घड्याळ उघडून बसले होते. मी हाक मारण्याआधीच म्हणाले, "ये, सूनबाई." टेबलावर, दाराच्या बरोबर समोर, एक आरसा टांगलेला होता. दाढीचा आरसा टेबलावर कशाला, असं मनात आलं. काळजी करणाऱ्या बाईला नको ते आधी दिसतं.

"हे माझ्या बायकोचं घड्याळ," ते सांगू लागले. "दहा मिनिटं मागे पडायचं. तीही पडायची. मी म्हणायचो..."

भोंगा वाजला. खिडकीच्या काचा थरथरल्या. मुंगीने श्वास आत घेतला, तोंड उघडलं, आणि झोळीतून जो सूर लावला तो भोंग्याला साथ देणारा होता. आजोबा घड्याळावर वाकून बोलतच राहिले. "...म्हणायचो, दोघी मिळून मला वीस मिनिटं उशीर करता." मग आरशात त्यांना मुंगीचं उघडं तोंड दिसलं. ते वळले. "अरे, भूक लागली वाटतं हिला?"

"आजोबा," मी म्हणाले, "भोंगा..."

माझ्या ओठांकडे बघता बघता त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. अकरा वाजून एक मिनिट. चेहऱ्याचा रंग उतरला. "हो हो, वाजला की! छान वाजला."

भोंगा अजून वाजतच होता.

 मग ते उठले, दार लावून आले आणि खुर्चीत बसले. "कबुतरं," ते हळूच म्हणाले. "दीडला छपरावरची कबुतरं उडतात. ती उडाली की मी हात करतो. चार वर्षं झाली."

"कुणालाच माहीत नाही?"

"घड्याळ उघडायचं डोळ्याने आणि दुरुस्त करायचं कानाने, असं गिऱ्हाईक समजतं. बहिऱ्याच्या हातात घड्याळ देईल का कुणी? आणि मुलगा टपलेलाच आहे, बाबा चला म्हणून. त्याच्याकडे मी काय करू? टीव्हीकडे बघून माना डोलवू?"

"मग आता दुरुस्त कसं करता?"

त्यांनी माझं बोट धरून ते उघड्या घड्याळावर अलगद टेकवलं. बारीकशी ठिणगी उडावी तशी टिकटिक बोटाला लागत होती. मुंगीनेही बोट पुढे केलं. तिचं रडणं थांबलं.

"कुणाला सांगू नकोस. शब्द दे."

मी दिला आणि वहीत लिहिलं, "घड्याळवाले आजोबा – ऐकू येतो, हरकत नाही." माझ्या आयुष्यातली पहिली खोटी नोंद. त्यांनी खाली झोकदार सही केली.

त्यानंतर माझ्या काळजीला नवं गिऱ्हाईक मिळालं. मुंगीचा श्वास चालू आहे ना हे मी दिवसातून वीसदा बघायची, आता एकविसाव्यांदा खिडकीत जाऊन आजोबांचा दिवा बघायची. दिवा दिसला की जीव भांड्यात. नवरा म्हणाला, "तुला काळजी करायला एक मूल पुरत नाही का?" याला काय उत्तर द्यायचं? शब्द दिला होता ना!

मुख्य कार्यालयाकडून नमुना परत आला. सर्वेक्षणाचा नकाशा तीन प्रतींत हवा होता आणि तिन्ही प्रती "मूळ" हव्या होत्या. मी पट्टी-पेन्सिल घेऊन बसले. एक मंगळवार होता, सव्वा वाजत आला होता, मुंगी झोळीत चौथ्या फेरीवर होती. नेहमीप्रमाणे मी एकविसाव्यांदा खिडकीत गेले. दिवा होता. पण दिव्याखाली, गादीवाल्याच्या दुकानातून, कापसासारखा पांढरा धूर निघत होता. तो कापूस नव्हता.

जिना कसा उतरले आठवत नाही. मुंगी छातीशी, किल्ली हातात. केंद्राचं दार उघडलं, बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. दीडची चाचणी अर्ध्या मिनिटाची असते. हा थांबत नव्हता, म्हणून दोन मिनिटांत सगळी वस्ती रस्त्यावर. भाऊ भट्टीतून तसेच धावत आले, पाव काढायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं हातातच. काकांच्या गळ्यात टेप. बंब एकदा खोकला, दोनदा खोकला आणि चालू झाला. दलातल्या चौघांनी नळी जोडून दुकानावर पाणी सोडलं. पिंजायच्या यंत्रातून ठिणगी उडून कापूस धुमसला होता. ज्वाळा थोड्या, पण धूर जिन्यात भरलेला.

काकांनी केंद्रात ठेवलेली माझी वही काढली. त्या इमारतीतली घरं वाचायला लागले. "पहिला मजला?" "उतरलो!" "दुसरा?" "सगळे आहोत!" "तिसरा, घड्याळवाले?"

सगळे गर्दीत आजोबांना शोधू लागले.

"ते आधीच उतरले असतील," भाऊ म्हणाले. "त्यांच्याइतका भोंगा कळतो कुणाला?"

वरच्या काकू म्हणाल्या, "मी पाहिलं की त्यांना, बेकरीपाशी."

"कधी?" मी ओरडले.

"सकाळी."

काका वहीकडे बोट करून म्हणाले, "इथे लिहिलंय ना. ऐकू येतो." अक्षर माझं. सुंदर, गोल, पदवीधर अक्षर. वर तिसऱ्या मजल्यावर दिवा शांतपणे जळत होता, आणि कबुतरं तर धुराने केव्हाच उडून गेली होती.

मी शब्द मोडला. सगळ्या वस्तीसमोर, रस्त्याच्या मधोमध. "त्यांना ऐकू येत नाही! काहीच येत नाही! मी खोटं लिहिलं!"

 मग दलातला एक जण तोंडाला ओलं फडकं बांधत म्हणाला, "मी वर जाऊन दार ठोकतो."

"कसं ऐकू येईल ठोकलेलं? मेन स्विच पाडा! दिवा गेला की उठतील!"

खरं तर आग लागली की वीज आधी तोडायची हा दलाचा पहिला नियम. तो फलकावर लिहून केंद्रात लावलेला आहे, आणि फलकासमोर बंब उभा असल्यामुळे तो कुणी वाचलेला नाही. विजेच्या पेटीचं कुलूप गंजलं होतं. भाऊंनी मागेपुढे न बघता फावड्याचा दांडा त्यात घालून पिळला. कुलूप तुटलं, दांडाही तुटला. खटका खाली पडला.

तिसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला.

पाच सेकंद. दहा. मुंगीचं हृदय चालतंय की माझं, कळत नव्हतं. वीस. मग खिडकी उघडली आणि डोळ्याला भिंग लावलेले आजोबा बाहेर डोकावले. ते खाली बघेनात. दिवे गेल्यावर जगातला प्रत्येक माणूस जे करतो तेच त्यांनी केलं, समोरच्यांचे गेलेत की आपलेच, ते बघितलं. मग त्यांना मी दिसले. त्यांनी हात वर करून मला पास केलं.

मी दोन्ही हातांनी खाली दाखवलं. मुंगीने पण दाखवलं. ती हल्ली सगळ्यांना सगळं दाखवते. आजोबांनी भिंग काढलं, खाली पाहिलं आणि पहिल्यांदाच घाईत आत वळले.

शिडी लावली. लोक म्हणाले, कमी पडणार. काकांनी एक डोळा मिटून वर पाहिलं. चाळीस वर्षं माणसांची उंची जोखलेली नजर ती. "पुरेल. दोन बोटं उरेल."

बरोबर दोन बोटं उरली.

आजोबा उतरले ते एका हातात बिस्किटांचा डबा धरून. त्यात गिऱ्हाइकांची सतरा घड्याळं आणि बायकोचं अठरावं. जमिनीवर पाय टेकताच ते गरजले, "दिवे कुणी घालवले? ऐन वेळी स्क्रू उडाला माझा! असा अंधार करतात का?"

 काकांनी सावकाश गळ्यातली टेप नीट केली, नोंदवही उघडली आणि लिहिलं, "दिवे – घड्याळवाले."

आजोबांनी ते वाचलं. मग सभोवार पाहिलं. कुणाच्या नजरेत काय आहे ते त्यांना कळलं, कारण वर्षानुवर्षं ते तेच वाचत आले होते. शेवटी माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. "शब्द मोडला मी, आजोबा." खाली बघून बोलल्यामुळे त्यांना माझे ओठ दिसले नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

तेवढ्यात काका अगदी त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि ओठ मोठे करून म्हणाले, "मलाही डाव्या कानाने तीन वर्षं येत नाही. म्हणून तर गिऱ्हाइकाला माप दोनदा मोठ्याने सांगायला लावतो. लोकांना वाटतं, शिंपी काटेकोर आहे."

पोस्टातले गृहस्थ म्हणाले, "मला बारीक आवाज येत नाहीत." कोपऱ्यावरच्या जोडप्यातला तो म्हणाला, "मला हिचं निम्मंच ऐकू येतं." ती म्हणाली, "ते मी ओळखून आहे." संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत अकरा "ऐकू येतो" खोडून झाले होते. संख्याशास्त्रात याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. सासूबाई त्याला आपलं "माणसं" म्हणाल्या.

गादीवाल्याचं दुकान पंधरवड्यात उघडलं. आजोबांनी त्याआधीच कामाला हात घातला होता. भोंग्याचं बटण दाबलं की त्या अकरा घरांत लाल दिवा उघडझाप करतो, अशी तार त्यांनी घरोघर ओढून घेतली. मुलगा त्यांना न्यायला आला, तेव्हा ते स्टुलावर उभे राहून वायरमनला झापत होते. मुलगा दिवसभर थांबला आणि जाताना स्वतःचं बंद पडलेलं घड्याळ ठेवून गेला. गिऱ्हाइकं? वाढली. बोटाने टिकटिक ऐकणारा माणूस बघायला दुसऱ्या वस्त्यांतून लोक चालू घड्याळंसुद्धा घेऊन येतात.

भोंग्याच्या वेळेचं म्हणाल तर चार महिन्यांनी परवानगी आली. साडेअकरा मंजूर; एकेचाळीस हरकती तिथे कुणी वाचल्याच नव्हत्या. तोवर मुंगीची झोपच साडेअकराला सरकली होती. मी तो कागद घडी घालून खणात ठेवला. भोंगा आजही दीडलाच वाजतो आणि तो मी मोठ्या ऐटीत वाजवते. मध्यंतरी एक दिवस मुंगीला दीडला झोप लागली आणि भोंगा वाजूनही ती हलली नाही.  मी तिच्या मागे टाळ्या वाजवल्या, काकूंची पातेल्याची युक्तीही केली. ढिम्म. डॉक्टरांना फोन लावणार, इतक्यात सासूबाईंनी स्वयंपाकघरात बिस्किटांच्या डब्याचं झाकण अलगद उघडलं आणि मुंगी ताडकन उठून बसली.

आजोबा अजून दीडला खिडकीत येतात. आता ते कबुतरांकडे बघत नाहीत, आपल्या लाल दिव्याकडे बघून हात करतात. मीही करते.

आणि तुम्ही. हो, तुम्हालाच म्हणतेय. तुमच्या जिन्यातही एखादं माणूस असेल, "हो हो, ऐकलं की" असं जरा जास्तच चटकन म्हणणारं, नेहमी दाराकडे तोंड करून बसणारं, बोलताना तुमच्या डोळ्यांत न बघता ओठांकडे बघणारं. आज त्यांच्याकडे एक चक्कर मारा. काहीतरी निमित्त काढा, बंद पडलेलं घड्याळ न्या. ते पाठमोरे असतील तेव्हा हळूच एक हाक मारा, आणि त्यांनी वळून पाहिलं नाही, तर गुपचूप परत येऊ नका. पुढे जा, समोर बसा, आणि तोंड वर करून बोला.